मायच्या मुठीचे गोळे

संक्रांत जवळ आली की तेलंगणातल्या आमच्या नार्नूरच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. कापसाच्या गाड्या शिगोशीग भरून बाजाराकडे जातात आणि कडेच्या काटेरी फांद्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून चिमूट चिमूट ओढून घेतात. आठ-पंधरा दिवसांत परक्या माणसाला वाटावं, झाडं फुललीत. मी रोज त्याच रस्त्यानं शाळेत जाते. तो कापूस दिसला की मनात येतं, कुणीतरी वेचून घ्यायला पाहिजे, वाया चाललाय. हा विचार माझा नाही, माझ्या मायचा आहे. ती गेली आणि तिच्या काही सवयी माझ्याकडे राहायला आल्या.

तिच्याशिवायचा हा पहिला हिवाळा. काल मंचेरियलहून नातीचा फोन आला. मैत्री तिचं नाव, वय दहा, माझ्या मुलाची थोरली. तिनं विचारलं, यंदा गोळे करायचे का. मी म्हटलं, बघू. बाईंचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे माझ्या शाळेतल्या पोरांना पहिलीपासून ठाऊक असतं. तिलाही ते कळलं असावं. बरं म्हणून तिनं फोन धाकट्या बहिणीला दिला, आणि तारानं मला तिचा पडलेला दात किती मोठा होता ते सांगितलं.

गोळे म्हणजे आंघोळीचे गोळे. पाण्यात टाकला की फसफसतो, पाणी रंगतं, वास सुटतो आणि दोन मिनिटांत गोळा नाहीसा होतो. शहरात ते चकचकीत कागदात गुंडाळून मिळतात म्हणे. आमच्याकडे ते गेल्या हिवाळ्यात परातीत झाले. पण ते कसे झाले हे सांगायचं तर आधी मायच्या हाताबद्दल सांगायला हवं.

माय वेचणीची बाई. दुसऱ्यांच्या वावरात तिनं कापूस वेचला, कळायला लागल्यापासून ते गुडघे नाही म्हणेपर्यंत. वेचणारी बाई दोन्ही हातांनी वेचते. बोंडाची टोकं सुईसारखी असतात, आणि कापूस असा ओढावा लागतो की वाळक्या पाल्याचा चुरा बरोबर येऊ नये. तिच्या बोटांना ते इतकं बसलं होतं की गप्पा मारतानाही तिची तीन-तीन बोटं चिमटीसारखी हलत. त्या बोटांवर मी शिकले आणि सरकारी मराठी शाळेत विज्ञानाची बाई झाले. हे मी डोळ्यांत पाणी आणून सांगत नाही, जसं झालं तसं सांगते.

गोळ्यांच्या आधीच्या दसऱ्यानंतर तिला लकवा मारला. बोलणं महिन्याभरात बरंचसं परत आलं, पाय काठीवर आला, पण डावा हात मूठ वळून छातीशी चिकटला तो चिकटलाच. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज कोमट पाण्यात बुडवा, बोटं हळूहळू उघडा, सहा महिन्यांत काय उघडायचं ते उघडेल, मग मूठ तशीच राहील. डॉक्टर सुईनं टोचून विचारत होते, लागतं का. माय भिंतीकडे बघत होती.

परतताना बसमध्ये, उटनूर मागे पडल्यावर, ती बोलली. तिच्याबरोबर वेचणीला जाणारी एक गिरजा होती. तिलाही असाच लकवा झाला आणि ती वळलेल्या मुठीसकट गेली. शेवटची आंघोळ घालायला चार बाया होत्या, त्यांत माय एक. मुठीत मळ साचलेला, नखं तळव्यात रुतलेली. तशीच कशी पाठवायची म्हणून बायांनी बोटं उघडायला जोर लावला. मायनं पुढचं एवढंच सांगितलं की आवाज आला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माह्यावर तशी पाळी येऊ नोको देजो. बोटं मोडून नोको धुवू मले."

मी म्हटलं, नाही येणार तशी पाळी.

म्हणायला काय जातं! मी घरी येऊन तक्ता केला, भिंतीला चिकटवला. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, झालं की खूण. मी तिचं मनगट धरून पाण्यात बुडवायची आणि ती तीन म्हणायच्या आत हात ओढून घ्यायची. आधी म्हणायची दुखते, पुढे तेही म्हणेना. नखं कापायची म्हटली की मूठ पदराखाली. ती दुपारी डुलकी घ्यायची तेव्हा मी एकेक नख चोरून कापायची. मी तिला समजावलं, मग रागावले, मग वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. त्यावर दोन दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची बोटं धरून पेन्सिल कशी पकडायची शिकवलं, आणि घरच्या चार बोटांपुढे मी हात टेकले. मला राग यायचा, आणि रागाखाली गिरजा असायची. तक्त्यावर कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, खूण एकही नाही.

आमच्याकडची थंडी हैदराबादच्या माणसाला सांगून पटत नाही. एखादा साहेब जानेवारीत तपासणीला येतो, कानटोपी नसते, आणि दुपारपर्यंत शाळेच्या ओट्यावर उन्हातच बसून हजेरीपट बघतो. सकाळी घराघरांपुढे चुली पेटलेल्या असतात, पऱ्हाट्यांच्या. कापूस झाला की उभी झाडं उपटून त्या काड्या वर्षभराचं जळण म्हणून ठेवतात. त्या धुराचा वास लुगड्याला, केसाला, वहीला, सगळ्याला लागतो. हंड्यातलं पाणी कढत झालं की एकेक जण बकेट घेऊन न्हाणीत जातो आणि कुडकुडत दोन मिनिटांत बाहेर येतो. आंघोळ हे आमच्याकडे काम आहे, भांडी घासण्यासारखं. त्यात कुणाला मजा वाटली तर घरचे विचारतात, बरं आहे ना.

अशा थंडीत संक्रांतीच्या सुट्टीला दोघी नाती आल्या. मुलगा कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात कारकून आहे, तो सोडून गेला. मैत्री तेव्हा नऊची, तारा पाचची. शाळेत इंग्रजी, गल्लीत तेलुगू, घरात मराठी, आणि रागावल्या की हिंदी. आल्या दिवशीच मैत्रीनं मला फोनवर दाखवलं: कुठल्याशा देशातली आई, तिची गोरी लेकरं, रंगीत गोळे, आणि आपल्या खोलीएवढ्या न्हाणीत पांढरा टब. माय बाजेवर बसून बघत होती. त्या टबातल्या बाईकडे बोट करून तिनं विचारलं, पाण्यात बसून का करतेत. मैत्री म्हणाली, काही नाही, नुसतं बसतात.

"म्हशीवानी?"

"हो," मैत्री म्हणाली, "पण दार लावून."

मायला ते पटलं नाही, पण तिनं मान हलवली. तिच्या लहानपणी पाणी वरून यायचं. विहीर दुसऱ्यांची, दोर दुसऱ्यांचा, आणि घागर खाली ठेवून लांब बसायचं, कुणाला दया येईल तेव्हा ते वरून ओतणार. पाण्यासाठी बसणं तिनं पुष्कळ केलं होतं. पाण्यात बसणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि ते राहून गेलं असंही तिला कधी वाटलं नसावं. वाटलं फक्त मला, त्या बाजेजवळ उभं राहून, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून मी आत गेले.

सामान जमवलं. खायचा सोडा घरात होता. निंबूसत आणायला मैत्रीला घेऊन गेले. मी दुकानदाराला आम्ल वगैरे सांगत बसले असते. तिनं सरळ तेलुगूत ‘निम्म उप्पु’, म्हणजे लिंबाचं मीठ, मागितलं आणि त्यानं पुडी बांधून दिली. फोनमधल्या बाईनं जे पांढरं पीठ घातलं होतं ते इथं मिळेना, म्हणून ज्वारीचं पीठ. मायनं हरकत घेतली: खायचं पीठ आंघोळीच्या पाण्यात? मग दोन मुठींवर तडजोड झाली. तेल खोबऱ्याचं. रंग काय घालायचा म्हटल्यावर मायनंच सांगितलं, पळस घाल. फडक्यात बांधलेली वाळकी पळसफुलं आमच्याकडे घरोघरी असतात, होळीच्या रंगाला आणि उन्हाळ्यात लेकरांना घामोळ्या आल्या की आंघोळीला. ती कशी वापरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे: उकळायची, गाळायची, पाणी घ्यायचं.

मीही तेच केलं. फुलं उकळली, गाळली, गार केली, आणि तयार परातीत ते केशरी पाणी चांगलं फुलपात्रभर ओतलं. मी, जिनं आठवीला दरवर्षी शिकवलं की आम्ल आणि सोडा पाण्यात भेटले की वायू सुटतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. परात उसळली. केशरी फेस काठावरून अंगणात, अंगणातून तुळशीपाशी. तारा दोन्ही पायांनी त्यात उभी राहिली. सगळे गोळे एकदम, करायच्या आधीच, फसफसून गेले.

आणि माय हसली. लकव्यानंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसत होतं, डोळे मात्र दोन्ही. म्हणाली, "हेच शिकवतं का पोराईले?"

दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं. फुलं खलबत्त्यात कुटून भुकटी केली. पाणी फक्त बोटांनी शिंपडायचं. पण किती? फोनमधली बाई म्हणत होती, समुद्राची ओली वाळू असते तसं. आमच्यापैकी समुद्र कुणी पाहिला नव्हता. मी थोडं शिंपडलं, मैत्री म्हणाली कमी आहे, मी म्हटलं कालचं आठव. तेव्हा माय बाजेवरून म्हणाली, इकडं आन.

बाजारात कापसाची ओल बघतात ती मुठीनं. मूठभर कापूस घट्ट दाबायचा आणि सोडायचा. उसळून वर आला तर वाळलेला, चपटा राहिला तर दवात वेचलेला. मायला ते वेचतानाच कळायचं. तिनं उजव्या हातानं परातीतलं मूठभर मिश्रण घेतलं, दाबलं, सोडलं. भुगा झाला. म्हणाली, अजून. मैत्रीनं बोटं झटकली. पुन्हा दाबलं, अजून. तिसऱ्यांदा ते तिच्या मुठीच्या आकाराचं राहिलं. कापसाचं जे वाईट ते इथं चांगलं, एवढंच उलटं करायचं होतं, आणि तिनं ते कुणी न सांगता केलं. विज्ञानाची बाई पाणी द्यायच्या कामाला लागली.

साचा मात्र नव्हता. वाट्यांत भरलं तर निघेना, चहाच्या कपांत भरलं तर कप फुटायची वेळ आली, पण गोळा निघेचना. मग तारानं इकडंतिकडं बघितलं. मोठ्या आजीच्या, म्हणजे मायच्या, मांडीवर एक मूठ आयती वळलेली होती. त्या हाताला हात लावायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती बाजेवर चढली आणि अंगठ्याच्या बाजूनं, एका बोटानं, त्या मुठीत मिश्रण दाबून भरायला लागली. लाडवाच्या डब्यात लाडू कोंबावेत तसं. मायनं हात ओढला नाही.

मग मायचा चेहरा बदलला. माझ्या लक्षात आलं: तळव्यावर नखांनी पडलेल्या चिरा, आणि त्यात निंबूसत. मी तांब्या घेऊन धावले. तिनं उजवा हात वर करून मला थांबवलं.

"थांब. झोंबून राह्यलं."

धुते ना, मी म्हणाले. ती मान हलवून पुन्हा म्हणाली, झोंबून राह्यलं. बरेच दिवस पत्र न आलेल्या माणसाची खबर सांगावी तसं. तेव्हा कुठं मला कळलं. डॉक्टरांच्या सुईला तिनं उत्तर का दिलं नव्हतं तेही कळलं. तळव्याला सुई कळलीच नव्हती, आणि ते सांगायची तिची छाती झाली नव्हती.

तारानं हात पुढे केला. तिला हातातल्या संवेदनेशी काही देणंघेणं नव्हतं. "मोठ्या आजी, माझा गोळा दे. तोडू नको."

मायनं मुठीकडे बघितलं. आधी करंगळी थरथरली, मग तिच्या शेजारचं बोट. उजव्या हाताची मदत तिनं घेतली नाही, माझी घ्यायचा प्रश्नच नव्हता. बोंडातून कापूस सोडवावा तशी माय ती मूठ सोडवत होती, आतलं मोडू नये म्हणून. चहा उकळून गाळून होईल इतका वेळ लागला. दुखत असणारच, कपाळावर त्या थंडीत घाम होता. बोटं अर्धीच उघडली, पण तेवढ्या फटीतून तारानं गोळा काढला. तो गोल नव्हता. रताळ्यासारखा, आणि त्यावर चार बोटांच्या चार खोल खाचा. एक कोपरा तुटला होता. मायला ते आवडलं नाही. म्हणाली, कोपरा गेला, अजून एक भर.

पुढचे आठ दिवस घरात दुसरं काम झालं नाही. सकाळी उठल्याबरोबर माय स्वतःच पाणी मागायची, साचा स्वच्छ पाहिजे म्हणून. कोमट पाण्यात वीस मिनिटं काय, अर्धा तास हात ठेवून बसायची, कारण ऊन पाण्यानं हात मऊ झाला की गोळा नीट सुटतो, असं तिचं म्हणणं. चिरा भरेपर्यंत मी तळव्याला खोबरेल चोपडलं, तेही तिनं चोपडू दिलं, साच्याला तेल लागतंच. तक्त्यावरची सगळी कामं होत होती. मी एकही खूण केली नाही. न जाणो, तिला कळलं तर.

नाती गेल्यावर हे थांबेल असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, निंबूसत आन. मी इतकं आणलं की दुकानदारानं विचारलं, बाई, सरबताचं दुकान काढलं का. बिस्किटांचा मोठा डबा खाचांच्या गोळ्यांनी भरला. टब नव्हताच, बकेट होती, घमेलं होतं. शेजारच्या वेचणीवाल्या बाया संध्याकाळी वावरातून आल्या की एकेक गोळा न्यायच्या आणि घमेल्यात पाय सोडून बसायच्या. टाचांच्या भेगा मऊ पडतात म्हणायच्या. ते गोळ्यानं, की दिवसभर उभ्या बाईला पंधरा मिनिटं बसायला कारण मिळालं म्हणून, हे सांगता येणार नाही. मला दुसरं कारण खरं वाटतं.

होळीपर्यंत तीन बोटं पुरती सरळ झाली. करंगळी वाकडी राहिली ती राहिली. ती त्या हातानं वाटी धरायची, पदर सावरायची. चमत्कार वगैरे नाही, डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी, व्यायाम कुठला दिलात. मी म्हटलं, कोमट पाणी. माय माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसली.

मी पुष्कळदा विचार केला की जे माझ्यानं तीन महिन्यांत झालं नाही ते पाच वर्षांच्या पोरीनं कसं केलं. मायला बरं व्हायचं नव्हतं असं नाही. तिला कुणी बरं करावं, हे नको होतं. मी तिच्याकडे दुखणारा हात म्हणून बघत होते. लेकरानं तिला काम दिलं. जन्मभर ज्या बाईनं कामाला नाही म्हटलं नाही, ती एवढ्याशा गोळ्याला काय नाही म्हणणार! हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, याचं वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

आज शाळेतून येताना मी दुकानात थांबले आणि निंबूसत घेतलं. घरी येऊन मैत्रीला फोन केला. ती एकदम म्हणाली, आणि साचा? मी म्हटलं, बघू. या वेळी मला खरंच बघायचं होतं.

माय श्रावणात गेली, दुपारी, झोपेत. पाऊस लागून होता. संध्याकाळपर्यंत मुलगा, सून, नाती आल्या. वस्तीतल्या बाया जमल्या, आणि पडवीत चूल मांडून पाणी तापवलं. पऱ्हाट्या दमट होत्या, धूर फार झाला. मी तांब्या घेऊन उभी होते. बकेट भरली तेव्हा मैत्री बिस्किटांचा डबा घेऊन आली. डब्यात एकच गोळा उरला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिनं तो अलगद पाण्यात सोडला. फसफस पडवीभर ऐकू आली. पाणी केशरी झालं. हे काय म्हणून कुणी विचारलं नाही. तशाच पाण्यात त्यांच्यापैकी बहुतेकींचे पाय भिजले होते.

एक म्हातारी पुढे झाली. लकव्याचा हात तिला माहीत असावा, कारण तिनं डावं मनगट नीट पकडलं आणि दुसरा हात बोटांवर ठेवला. मी म्हटलं, मावशी, जोर नका लावू.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काऊन लावू, बाई? हात तं उघडाच हाय."

मग तिनं एकेक बोट धुतलं, आणि वाकडी करंगळी वाकडी ठेवूनच धुतली.